पाठीला माती

आबा पडले ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. फेब्रुवारी होता. रात्री पाऊस पडला होता आणि पहाटेपर्यंत तो ड्राइव्हवेवर गोठून काचेसारखा झाला होता. बर्फ उपसायच्या शोव्हलला हात लावायचा नाही, असं मी त्यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं. पण माझे वडील सत्तरी ओलांडून कॅनडातल्या ओकव्हिलच्या हिवाळ्यात पहिल्यांदाच आलेले, आणि तालमीत घडवलेलं शरीर अजून आपलं ऐकतं अशा भ्रमात. त्यांनी माझ्या नवऱ्याचे ढगळ विंटर बूट चढवले आणि बाहेर पडले. एक पाय पुढे सरकला, मागोमाग दुसरा, आणि ते सपशेल उताणे पडले.

मी घरातल्या सपातांवरच धावत गेले. ते आभाळाकडे बघत होते. चेहऱ्यावर वेदना वगैरे काही नव्हती, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

"आबा, कुठं लागलं?"

"माती लागली," ते म्हणाले.

मला वाटलं डोक्याला मार बसला आणि ते बरळतायत. मग कळलं. आमच्या भागात गावोगावच्या जत्रेत कुस्त्यांची मैदानं भरतात. तरुणपणी आबांनी ती बरीच गाजवली आणि त्यांच्या पाठीला कधी माती लागली नाही, असं पंचक्रोशीत सांगितलं जायचं. आपल्या कुस्तीत एकदा पाठ टेकली की खेळ खलास, अपील नाही. आबा निवृत्त झाले, त्यांचे केस गेले, दात गेले, पण ती एक गोष्ट शिल्लक होती आणि ते ती जपून होते.

माझ्या नवऱ्याला चुकीच्या वेळी विनोद करायची खोड आहे. अँब्युलन्सची वाट बघत तो आबांच्या अंगावर ब्लँकेट घालत होता. तो म्हणाला, "आबा, इथे माती कुठाय? नुसता बर्फ आहे." आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की पुढचे कित्येक आठवडे त्याने घरात विनोद केला नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत धातू बसवला आणि आबा घरी आले. तळमजल्यावरच्या फॅमिली रूममधला सोफा बेसमेंटमध्ये गेला, त्याच्या जागी भाड्याचा हॉस्पिटल बेड आला, शेजारी वॉकर आणि ती बसायला भोक असलेली कमोड चेअर. डॉक्टर एक्स-रे बघून खूश झाले. हाड छान जुळलंय म्हणाले, आता चालायला लागा.

आबा उठेनात. आठवड्यातून दोनदा फिजिओ यायची. तरतरीत, मोठ्या आवाजाची बाई. ती त्यांना पलंगाच्या कडेला बसवायची, वॉकर पुढे करायची आणि "रेडी, सर?" म्हणायची. आबा हात जोडून "नको" म्हणायचे. मी समजावलं, रागावले, एकदा तर हातातला टॉवेल आपटून खोलीतून निघून गेले. आबा भिंतीकडे बघत राहिले. ज्या माणसाने मला लहानपणी पहाटे उठवून घराच्या अंगणात जोर मारायला लावले, मुलगी म्हणून सूट दिली नाही, तो माणूस हात जोडून नको म्हणत होता. मला ते खरंच वाटत नव्हतं.

आणि मग ते कमोडचं. त्यांच्याबरोबर आलेल्या आईच्याने त्यांना उचलणं शक्य नव्हतं. नवऱ्याला ते हात लावू द्यायचे नाहीत. जावयाने असलं काम करायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीने आभाळ कोसळण्यासारखं होतं. राहिले मी. मी त्यांना काखेत धरून उठवायचे, बसवायचे, नजर दुसरीकडे वळवून उभी राहायचे आणि सगळं झाल्यावर स्वच्छ करायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना काय वाटत होतं ते मात्र त्यांच्या मानेवर दिसायचं. मान लाल व्हायची. त्यानंतर ते संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायचे नाहीत.

मे महिन्यात त्यांना ताप भरला. डॉक्टरांनी लघवीचं इन्फेक्शन सांगितलं, आणि विचारलं, हे पाणी किती पितात? आई खाली बघायला लागली. मग तिने सांगितलं की मी ठेवलेला पाण्याचा जग आबा तिला सिंकमध्ये ओतायला लावायचे. पाणी प्यायलं नाही की जावं लागत नाही, आणि जावं लागलं नाही की पोरीला बोलवावं लागत नाही. मी तिथे डॉक्टरांच्या समोरच रडायला लागले. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली बाई, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते, आणि माझ्या घरात माणूस तहानलेला बसलाय हे मला दिसलं नव्हतं.

"या उन्हाळ्यात चालले तर चालले," फिजिओने मला दारात गाठून सांगितलं. "नाहीतर पाय परत यायचे नाहीत." फॅमिली रूममधून वॉशरूमला जायला स्वयंपाकघर ओलांडून छोटा हॉलवे आहे. अंतर ते काय! पण तेवढं अंतर आबा आपल्या पायांनी, एकटे गेले पाहिजेत, आणि आतून कडी लावता आली पाहिजे. मला त्या वर्षी दुसरं काही नको होतं.

जुलैत एका पहाटे मी खाली आले तर फॅमिली रूममध्ये टीव्ही चालू होता. आबा उशांना टेकून बसले होते, शेजारी खुर्चीत माझा नवरा, हातात चहा. पडद्यावर दोन आडदांड, घामाने निथळणारे पुरुष चकचकीत चड्ड्या घालून आळीपाळीने एकमेकांच्या छातीवर तळहात हाणत होते. छात्या लालभडक झाल्या होत्या. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थिजले. एक तर तो कार्यक्रम, आणि दुसरं म्हणजे टीव्हीवरच्या कुस्तीचं नाव काढलं की जमिनीवर थुंकणारे माझे वडील तो बघत होते.

"हे काय लावलंय सकाळी सकाळी?"

"जपानमधली टूर्नामेंट आहे," नवरा म्हणाला. "लाइव्ह. तिकडे आता संध्याकाळ आहे ना."

हा माणूस मूळचा पुण्याचा, कोथरूडचा, एरवी दाण्याची आमटी आणि नाट्यसंगीत यात रमणारा. इतकी वर्षं दर उन्हाळ्यात तो पहाटे उठून बेसमेंटमध्ये जायचा आणि मी समजत होते की क्रिकेट बघतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं की हा चोरून जपानी कुस्ती बघतो. बरं, साधं बघणं नाही, सबस्क्रिप्शन घेऊन! आता सोफा बेसमेंटमध्ये आणि तिथला मोठा टीव्ही आबांसाठी वर आल्यामुळे तो उघडा पडला होता. आबा तर जन्माची सवय म्हणून पहाटे जागेच असायचे.

त्याने मला सगळं समजावून सांगितलं, मी न विचारता. ही साखळी स्पर्धा. दोन गट. गटातल्या प्रत्येकाने प्रत्येकाशी लढायचं. जिंकलं तर दोन गुण, बरोबरीला एक, हरलं तर शून्य. दोन्ही गटांतले पहिले अंतिम सामन्यात. महिनाभर गावोगाव फिरत चालते. आज ओसाका, परवा आणखी कुठे.

"आणि हरलेला?" आबांनी विचारलं.

"हरलेला परवा परत लढतो. कोणी घरी जात नाही, आबा."

 तेवढ्यात पडद्यावर एकाने दुसऱ्याला उचलून पाठीवर आपटलं. आबांनी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"झाली," ते म्हणाले.

"नाही झाली आबा! आत्ता तर सुरू झालीये. नुसती पाठ टेकून चालत नाही. खांदे दाबून धरायचे, पंच तीन मोजतो."

"पाठ टेकली की वो जावईबापू. मोजायचं काय त्यात?"

नवऱ्याच्या तोंडचा चहा तोंडातच राहिला. पुढचे काही दिवस आमच्या घरात ही स्पर्धा अशी बघितली गेली: कुस्ती सुरू व्हायची, पहिली पाठ टेकायची, आबा "झाली" म्हणायचे आणि टीव्ही काळा व्हायचा. अर्ध्या तासाची लढत आमच्याकडे मिनिटभरात आटपायची. आबांचे निकालही वेगळे. जपानच्या हिशेबात पहिला असलेला गडी आबांच्या हिशेबात तळाला होता, कारण तो सारखा पडायचा. आबांच्या यादीत वर कोण, तर एक भलामोठा, मंद, कुठूनतरी आलेला परदेशी. तो प्रत्यक्षात सगळ्या कुस्त्या हरत होता, पण त्याला उचलून आपटायला कोणालाच पटकन जमत नव्हतं. नवरा हताश होऊन ऑफिसच्या मीटिंगांना बसायचा.

पण त्याने हार मानली नाही. चहाबरोबर तो आबांना स्पर्धेचा इतिहास सांगायला लागला. पूर्वी ती वसंतात व्हायची आणि तिचं नाव सारखं बदलायचं. मग नव्वदच्या सुमारास ती ऐन उन्हाळ्यात आणली, सुमोच्या मोठ्या दालनात, मोजक्याच गड्यांत आणि थोडक्याच दिवसांत. पहिल्याच खेपेला कोणाच्या ध्यानीमनी नसलेला तरुण जिंकला आणि लोकांनी आनंदाने बसायच्या गाद्या आखाड्यात फेकल्या.

"आमच्याकडं फेटे उडवत्यात," आबा म्हणाले.

मग ती वाढत गेली. आठवड्याची महिन्यावर गेली. किताब ज्याच्याकडे असेल त्यालाही इथे उतरावं लागतं आणि तोही हरू शकतो, हे आबांना पटलं. जिंकणाऱ्याला नव्या वर्षाच्या मोठ्या मैदानात किताबासाठी लढायचा हक्क मिळतो आणि त्याचा कागद तो पेटीत घालून मिरवतो, हे पटलं नाही. कागद कसला देता, चांदीची गदा द्या. कोविडच्या काळात स्पर्धा उन्हाळ्यातून हलवून शरद ऋतूत घेतली आणि प्रेक्षकांना ओरडायची बंदी होती, फक्त टाळ्या, हे ऐकून ते थक्क झाले. "वरडायचं न्हाई? मग कुस्तीला जायाचं कशाला?" मी शेजारी टिफिन भरत होते. कित्येक महिन्यांनी मी त्यांच्या तोंडून सलग इतकी वाक्यं ऐकत होते. माझा हात थांबला आणि ट्रेन चुकली.

पुढे कधीतरी आबांनी टीव्ही बंद करणं सोडलं. मला नेमकं कधी ते सांगता येणार नाही. एके दिवशी लक्षात आलं की एक गडी चार वेळा आपटला गेला तरी पडदा चालूच आहे. आबा आता उलट रिमोट नवऱ्याकडे द्यायचे आणि म्हणायचे, "मागं घ्या." तो मागे घ्यायचा. "आनखी एकदा." मला वाटायचं, त्यांना उचलून आपटण्याच्या तऱ्हा आवडतायत. तसं ते सांगायचेही, ही आपली ढाक, ही कलाजंग, फक्त जरा वाकडी केलीये.

त्यांचा जीव मात्र एका म्हाताऱ्यात अडकला. म्हातारा म्हणजे पन्नाशीच्या आसपासचा असेल, दोन्ही गुडघ्यांना जाड पट्ट्या, चालताना किंचित लंगडायचा. नवरा म्हणाला, पूर्वी मोठं नाव होतं, हा बहुधा त्याचा शेवटचा उन्हाळा. तो हरत होता. नियमाने हरत होता. एखादा तरुण त्याला वरून खाली आपटायचा, पंच तीन मोजायचा आणि म्हातारा दोरांना धरून उठायचा, लोकांना वाकून नमस्कार करायचा आणि जायचा. दोन दिवसांनी परत हजर. "आला बघ," आबा आईला सांगायचे. आई चष्मा पुसत यायची. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं बोलतात, आई इथे येऊनही तशीच बोलते. "मी कशाला बघतो बाबा," ती म्हणायची, आणि पदर तोंडावर धरून पूर्ण बघायची.

इथे माझं धाबं दणाणलं. कारण ही कुस्ती खरी नसते. निकाल आधी लिहिलेला असतो, हे माझ्यासारखीलाही माहीत होतं. पहिल्या दिवशी नवऱ्याने आबांना प्रामाणिकपणे सांगितलंही होतं, "आबा, हे सगळं आधी ठरलेलं असतं हं." त्यावर आबा म्हणाले होते, "मग? जोडी आधी ठरवायलाच लागत्यात. न्हाईतर मैदानात गोंधळ." आमच्याकडच्या मैदानात कोणाची कोणाशी लावायची ते आधी ठरतं, तीच ठरलेली कुस्ती. नवऱ्याने पुढे काही समजावलं नाही आणि आम्ही दोघांनी समजून घेतलं की आबांचा गैरसमज झालाय. आता तो दूर करायची आमची हिंमत नव्हती. चार महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस पहाटे उठून बसतोय, दोन पेले पाणी पितोय, म्हातारा परवा कोणाशी ते विचारतोय. त्याला सांगायचं की तो म्हातारा नाटक करतोय? मी नवऱ्याला तर दम दिला की खबरदार. आणि मनातून प्रार्थना करायला लागले की तिकडे जो कोणी निकाल लिहितो त्याने या म्हाताऱ्याला एक तरी कुस्ती जिंकू द्यावी. मी त्यासाठी ईमेल करू का, असंही विचारलं. नवऱ्याला वाटलं मी थट्टा करतेय.

ऑगस्ट उजाडला. एका सकाळी फिजिओ लवकर आली. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. टीव्हीवर आदल्या लढतीचं रेकॉर्डिंग चालू होतं. ती दारातच थांबली आणि मोकळेपणाने हसली.

"ओ माय गॉड, माझे भाऊ हे बघायचे! दिवसभर गादीवर उड्या." मग आबांकडे वाकून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "सर, यू नो इट्स ऑल फेक, राइट?"

आबांना इंग्रजी येत नाही. पण फेक कोणाला कळत नाही?  मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायला पुढे झाले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पडद्यावर म्हातारा नेमका तेव्हा उताणा पडला होता.

"तिला सांग," आबा शांतपणे म्हणाले, "मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"नुरा हाय. संगनमताची कुस्ती. पयल्या दिवशी पयल्या मिंटात वळखली. इतकी वर्सं तालमीत घालवली, मला नुरा कळना व्हय?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी परत शाळेत गेले. "जावईबापू सांगत होते, म्हनलं सांगू दे. तुमी दोघं कुजबुजत होता, म्हनलं कुजबुजू दे."

"मग टीव्ही कशाला बंद करायचात? आणि आता बघता कशाला?"

 आबांनी पडद्याकडे बोट केलं.

"तवा बघवत नव्हतं, पाठ टेकलेली. आता पडतात कसं ते बघतो."

मला समजलं नाही. त्यांनी रिमोट मागितला, स्वतः मागे घेतलं, त्यांना ते कधी यायला लागलं देव जाणे. म्हातारा हवेत होता. "हितं बघ. हनवटी छातीला लावली. हात बघ, दोन्ही पसरले, आधी हात आपटले, मग पाठ. डोकं टेकलंच न्हाई." त्यांनी चित्र थांबवलं. "आमाला पाडायला शिकवलं, पोरी. पडायला कोनी शिकवलंच न्हाई. पडला तो संपला, मग शिकवायचं कशाला? वस्तादानं न्हाई, कोनीच न्हाई. मला पडायचं भ्या वाटतं. त्या पोरीनं वॉकर म्होरं केला की मला तो बर्फ दिसतो."

भ्या वाटतं. हे शब्द मी माझ्या वडिलांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मला वाटत होतं की ते रुसलेत, हट्टाला पेटलेत, मानापमान धरून बसलेत; मी त्यावरून त्यांच्यावर ओरडले होते. ते घाबरले असतील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.  फिजिओ विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले? मी सांगायला लागले आणि "नोबडी टॉट हिम हाऊ टू फॉल" एवढ्यावरच थांबले.

तिचं हसू गेलं. तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "आय शुड हॅव आस्क्ड," ती म्हणाली. मग मला विचारलं, घरात जास्तीची गादी आहे का?

त्या दिवशी तिने त्यांना चालवलं नाही. बेसमेंटमधून दोन गाद्या वर आल्या, एकावर एक. त्यांच्या काठावर आबांना बसवून तिने त्यांना मागे लोळायला शिकवलं, हनुवटी आत, हात बाजूला, मग कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, गुडघा, मग खुर्ची धरून वर. उभं राहून पडायचं नाव काढायचं नाही, असं तिने मला तीनदा सांगितलं. आबांनी पहिल्यांदा पाठ टाकली तेव्हा डोळे घट्ट मिटले होते. आईने पण.

मी दुसऱ्या दिवसापासून परत ऑफिसला जायला लागले. त्या आठवड्यात एका दुपारी लवकर सुटले, स्टेशनवरून घरी आले, दार उघडलं आणि आतून धप्प असा आवाज आला. मग परत धप्प. मी बूट न काढता आत धावले. आबा गादीच्या काठावर बसले होते आणि माझी आई, जी आयुष्यात त्यांच्या ताटाआधी जेवली नाही, जी त्यांचं नाव घेत नाही, ती समोर उभी राहून दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर ढकलत होती. ते मागे पडत होते.

"आई! काय चाललंय?"

"ह्यांनीच सांगितलं," ती धापा टाकत म्हणाली. "सांगून पडलं तर शिकतोय कुठं, म्हनले. मी ढकलतो." आणि तिने परत ढकललं, माझ्या देखत, चांगलं जोरात. आबांचे हात गादीवर आपटले. ते पडल्या पडल्या छताकडे बघून हसत होते. मी सोफ्यावर बसायला गेले आणि सोफा तिथे नाही हे विसरल्यामुळे खालीच बसले.

मग ते वॉकर धरून उभे राहायला लागले. मग चार पावलं, मग खिडकीपर्यंत. वॉशरूमला अजून मीच नेत होते. आबा वॉकरने हॉलवेपर्यंत जायचे, तिथे भिंतीचा कोपरा आला की थबकायचे आणि हाक मारायचे. रात्रीसाठी कमोड पलंगाशेजारीच होता. मी घाई केली नाही. खरं सांगायचं तर मला आशा लावून घ्यायची भीती वाटत होती.

म्हाताऱ्याने एक कुस्ती जिंकली, गटातल्या शेवटच्या दिवशी. त्याचा काहीच उपयोग नव्हता, तो केव्हाच बाद झालेला होता. आबा म्हणाले, चांगली लिवली.

अंतिम सामना तिकडे रविवारी झाला, आमच्या वेळेने अपरात्री. नवऱ्याने फोन बंद करून ठेवला, कोणाला निकाल सांगू दिला नाही, आणि आम्ही सकाळी पोहे खाऊन रेकॉर्डिंग लावलं. आबा पलंग सोडून खुर्चीत बसले होते, वॉकर शेजारी. मी पहिल्यांदाच एखादी कुस्ती पहिल्यापासून बघत होते आणि मला लाज वाटेल इतकी त्यात गुंतले. ठरलेलं आहे हे माहीत असूनही मी तोंडातल्या तोंडात 'ऊठ, ऊठ' म्हणत होते. दोन मोजलं की खांदा उचलला जायचा, आणि आम्ही तिघं एकदम श्वास सोडायचो. आई पलंगाच्या दांडीला धरून उभी होती. नवरा जमिनीवर बसून मांडीवर मुठी आपटत होता. शेवटी शेवटी तर मी टीव्हीच्या इतक्या जवळ गेले होते की मागचं मला काही दिसत नव्हतं.

"आबा, बघितलंत का?" मी मागे न बघता विचारलं.

उत्तर आलं नाही. मी वळले. खुर्ची रिकामी होती.

वॉकर तिथेच होता. जसा ठेवला होता तसा, खुर्चीच्या हाताला टेकून.  मी आधी जमिनीवर बघितलं, पलंगाच्या पलीकडे बघितलं. आईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. नवरा उठता उठता पोह्यांच्या बशीवर पडला. मी स्वयंपाकघरातून धावत हॉलवेत आले. तिथेही कोणी पडलेलं नव्हतं. वॉशरूमचं दार बंद होतं. मी मूठ फिरवली. आतून कडी होती.

"आबा!" मी दारावर थाप मारली. "आबा, ठीक आहात ना? दार उघडा!"

फ्लशचा आवाज आला. मग नळाचा. मग त्यांचा, वैतागलेला, जुना, तालमीतला आवाज.

"अगं, मानूस हाय आत. जरा दम धर की."

मी दारात उभीच राहिले. मागून टीव्हीवर लोकांचा कल्लोळ चालला होता, कोणीतरी जिंकलं होतं, कोण ते आम्हा चौघांपैकी कोणीच बघितलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की इथे थांबणंसुद्धा आता माझं काम नाही. मी आईला हाताला धरलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन, पाठ फिरवून उभ्या राहिलो.